माळवदावरची माती

माझ्या सगळ्या नोकरीत मला कुणी दारात "या" म्हटलं नाही. डाकवाला आला की लोक पुढे होतात, वैद्य आला की पाट मांडतात, अगदी वसुलीचा शिपाई आला तरी गूळपाणी विचारतात, कारण त्याला गोड बोलून परत पाठवायचं असतं. मी आलो की आतून कडी लागायची. बीडच्या मुन्सिफ अदालतीत मी अमीन होतो. निजामाचं राज्य, अदालतीची भाषा उर्दू, आणि अमीन म्हणजे हुकूम पायी चालत लोकांच्या दारात नेणारा माणूस. साहेब वर बसून निकाल द्यायचे. भाडेकरूला बाहेर काढून घर मालकाच्या हवाली करायचं काम माझं. कागदोपत्री त्याला 'दखल देणं' म्हणत. गावात म्हणत, "त्येच्या घरी अमीन बसला," साडेसाती बसते तसं.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'अदालतीतल्या गमतीजमती' लिहून मागितल्या आहेत. गमती झाल्या, नाही असं नाही. राजुरी वेशीजवळ सखाराम न्हावी भाड्याच्या खोलीत राहायचा. त्याची खोली रिकामी करायला गेलो तर म्हणाला, "अमीनसाहेब, दाढी लई वाढलीया. बसा, तेवढी करून घ्या, मग सामान काढू." मी बसलो. उजवा गाल झाला आणि त्यानं वस्तरा मिटला. म्हणाला, "डावा आता पाडव्याला." एका न्हाव्यानं हातात घेतलेली दाढी दुसरा पुरी करत नाही, हा त्यांच्यातला नेम. सगळं बीड हिंडलो, कुणी पाण्याचा हात लावला नाही. उपरणं तोंडाला गुंडाळून अदालतीत गेलो. तेव्हाच्या साहेबांनी ते काढायला लावलं, पोट धरून हसले आणि सखारामला पाडव्यापर्यंत मुदत दिली. मी मांजरसुंब्याला थोरल्या बहिणीकडे जाऊन आरशासमोर स्वतःच्या हातानं डावा गाल रक्तबंबाळ करून घेतला. सखारामनं मात्र शब्द पाळला, पाडव्याला खोली आपणहून सोडली.

एवढी एक गंमत पुरे. बाकीच्या आठवणी हसण्यासारख्या नाहीत, आणि म्हाताऱ्या माणसाला दिवाळी आहे म्हणून खोटं हसायला सांगू नये.

दुसऱ्यांचं घर रिकामं करण्याचीही एक रीत असते, ती बाहेरच्यांना ठाऊक नसते म्हणून सांगतो. आधी देव बाहेर काढायचे, ते घरातल्याच माणसाच्या हातून. मग धान्य, मग भांडी, अंथरुणं. जातं सगळ्यात शेवटी. पेटलेल्या चुलीला अमीनानं हात लावायचा नाही, ती विझेपर्यंत थांबायचं. हे हुकमात कुठेही लिहिलेलं नसे. दिवस मावळल्यावर दखल देता येत नसे, त्यामुळे शहाण्या बाया त्या दिवशी हरभरे शिजायला घालत आणि चुलीत ओलं लाकूड सारत. मीही दगडावर बसून धूर खात राही. तेवढाच त्यांना एक दिवस मिळे.

या सगळ्याची आठवण परवा झाली, कारण माझ्या पुतण्यानं वर्तमानपत्र वाचून दाखवलं. नवीन सरकारचा घरभाड्याचा कायदा आला आहे. मालकाला वाटलं म्हणून भाडेकरूला काढता येणार नाही. घराची डागडुजी मालकानंच करायची. त्यानं नाही केली तर भाडेकरूनं परवानगी घेऊन करायची आणि भाड्यातून वळती करायची. पुतण्या म्हणाला, "काका, तुमची अमीनकी आता कुणी करणार न्हाई." मला विठाबाई रंगारीण आठवली.

विठाबाईची गोष्ट समजायची तर आमच्याकडची घरं समजली पाहिजेत. बीडची घरं माळवदाची. भिंती दगडमातीच्या, वर लाकडं, त्यांवर मातीचा जाड थर. दर उन्हाळ्याच्या शेवटी त्यावर नवीन पांढरी माती टाकून चोपावी लागते, नाहीतर पावसात माळवद गळतं आणि एखाद्या वर्षी बसतंच. भाड्याच्या घराचा कागद त्या काळी कुणी करत नसे, तोंडी बोली. मग तंटा झाला की घर कुणाच्या ताब्यात आहे हे ओळखायचं कशावरून? तर यंदा माळवदावर माती कुणी टाकली त्यावरून. भाडेकरूनं टाकली तर त्यानं पुढच्या वर्षासाठी घर धरलं. मालकानं टाकली तर भाडेकरूनं घर सोडलं आणि मालकानं ते परत घेतलं. हा रिवाज कुणी घातला माहीत नाही, पण बीडच्या पेठेत तो सगळ्यांना पाठ होता आणि अदालतही तो मानायची. पेठेतला भाडेकरू एकवेळ पोरीचं लग्न पुढे ढकलील, पण माती टाकायला चुकणार नाही.

विठाबाई पेठेतली नव्हती. ती चौसाळ्याची, तिथं बापाचं स्वतःचं घर. लग्न होऊन बीडला आली ती गणपत रंगाऱ्याच्या भाड्याच्या घरात. माती दरवर्षी गणपतच टाकायचा. ती खालून टोपली वर द्यायची. त्या टोपलीत घराचा हक्क वर चढतो आहे हे नवऱ्यानं तिला कधी सांगितलं नसावं. कशाला सांगेल? आपण मरणार असं गृहीत धरून कुणी संसार करत नाही.

गणपत निळीचा रंगारी. घरात जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले तीन रांजण. निळीचा रांजण म्हणजे नुसतं पाण्यात रंग कालवणं नव्हे. चुना आणि टाकळ्याचं शिजवलेलं बी घालून ती आंबवावी लागते, रोज, निदान दिवसाआड काठीनं ढवळावी लागते, आणि एकदा 'आली' की वर्षानुवर्षं तीच नीळ चालवायची. मधे खंड पडला तर ती मरते आणि घरभर कुजका वास सुटतो. गणपतचे रांजण त्याच्या बापाच्या हातचे होते. दिंद्रुडच्या बाजारापर्यंत त्याच्या निळ्या लुगड्यांना गिऱ्हाईक होतं. नवराबायको दोघांचे हात कोपरापर्यंत निळे. विठाबाई हळदीकुंकवाला गेली तरी बाया तिला हातावरून ओळखायच्या.

मग प्लेग आला. उंदीर पडायला लागले आणि सगळं गाव उठून माळावर झोपड्यांत गेलं. वेशीवर चौकी बसली, आत जायला बंदी. उन्हाळा तसाच माळावर गेला. गणपतला तिथंच गाठ आली आणि तो गेला. त्या दिवसांत कोण कुणासाठी रडणार? जो तो आपल्या झोपडीच्या तोंडाशी बसून काखेत हात घालून बघत होता. माझीही धाकटी बहीण त्याच माळावर गेली. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

बंदी उठायच्या आत घरमालकानं, नारायणरावांनी, चौकीची परवानगी काढून मजूर आत पाठवले आणि आपल्या सगळ्या माळवदांवर माती टाकून घेतली. विठाबाईच्या घरावरही टाकली. नारायणराव वाईट माणूस नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. गोष्टीत वाईट माणूस असला की ऐकणाऱ्याला बरं वाटतं, पण मी ज्यांच्या हवाली घरं केली त्यांतले बरेचसे नारायणरावांसारखेच होते. हळू बोलणारे, देवळात कथेला पुढे बसणारे.

विठाबाई घरी परतली तेव्हा माळवद कोरडं आणि भिंती शाबूत. तिनं नारायणरावांच्या दारात जाऊन पायरीला डोकं टेकवलं, असं मागाहून ऐकलं. चार महिने बरे गेले. मग नारायणरावांच्या जावयाला कापसाची वखार काढायची झाली आणि त्याला पेठेतली नेमकी तीच जागा हवी होती. जावयानं सासऱ्याच्या कानाशी 'माती आपण टाकली, माती आपण टाकली' असं लावून धरलं. दावा दाखल झाला, भाडेकरूनं घर केव्हाच सोडलं आहे, माती मालकानं टाकली आहे.

आमचे मुन्सिफ साहेब हैदराबादचे, तरुण, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी मला मौक्यावर, म्हणजे त्या जागी जाऊन पंचांसमोर चौकशी करायला सांगितलं. मी दोन पंच घेऊन गेलो. विठाबाई रांजणाशी बसून नीळ ढवळत होती. पदराला हात पुसून उभी राहिली. नारायणराव खांबाशी उभे होते, जावई ओट्यावर.

मी विचारायचं ते विचारलं, "विठाबाई, औंदा माळवदावर माती कुनी टाकली?"

तिचा चेहरा उजळला. खरंच सांगतो, आपल्या बाजूचंच बोलणं निघालं असं तिला वाटलं. म्हणाली, "मालकांनी टाकली. लई उपकार झाले त्येंचे. त्येंनी टाकली नसती तर म्या रांडमुंड बाईनं काय केलं असतं?"

एका पंचानं मान खाली घातली. मला प्रश्न बदलून विचारायची मुभा होती, ती मी घेतली. "मजूर तुमी सांगितले असतील. मालकांनी नुस्ते धाडले असतील."

"न्हाई वो. म्या कुठं सांगितलं? त्येंनी आपल्या मनानंच केलं."

"नीट आठवून सांगा, बाई. गणपतनं जाताना काई सांगून ठेवलं असंल."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मी तिला नारायणरावांचं श्रेय चोरायला लावतो आहे असं तिला वाटलं. जरा रागानंच म्हणाली, "खोटं कावून बोलू, अमीनसाहेब? ज्येनं केलं त्येचं नाव घ्यावं मानसानं." आणि नारायणरावांकडे वळून तिनं पुन्हा एकदा हात जोडले. नारायणराव खांबाकडे तोंड करून उभे राहिले.

मी लिहिलं. दुसरं काय लिहिणार? पंचांनी अंगठे उठवले. जावई ओट्यावरून उतरून निघून गेला, त्याला आणखी ऐकायची गरज नव्हती.

मुन्सिफ साहेबांनी तो जबाब वाचून दोनदा चष्मा पुसला. मला आत बोलावून म्हणाले, "अमीनसाब, ये औरत शुक्रिया अदा कर रही है, और हम इसी पर इसका घर छीन लें?" मी म्हणालो, "हुजूर, रिवाज है." ते म्हणाले, "हां. कानून होता तो कानून देखता. यहां तो रिवाज ही रिवाज है." निकाल मालकाच्या बाजूनं लागला. अपील करायला विठाबाईकडे ना वकील ना माणूस.

साहेबांनी मात्र एक केलं. हैदराबादेस लांबलचक शिफारस लिहून पाठवली, की डागडुजी मालकाचं कर्तव्य ठरवावं, ती केल्यानं भाडेकरूचा ताबा जाऊ नये, आणि सरकारच्या हुकमानं जे घराबाहेर राहिले त्यांनी घर सोडलं असं समजू नये. मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मी आयुष्यात ऐकलेला तो सगळ्यात सरळ मजकूर होता. वरून उत्तर आलं, की लोकांच्या जुन्या रिवाजांत हात घालण्याचं सरकारला प्रयोजन दिसत नाही. पुढच्या वर्षी साहेबांची बदली झाली.

दखल द्यायला मीच गेलो. विठाबाईनं देव काढले, भांडी काढली, जातं काढलं. चूल तिनं पेटवलीच नव्हती. ओलं लाकूड सारायची युक्ती तिला कुणी शिकवली नसावी, किंवा तिला ती करायची नसावी. राहिले तीन रांजण. जावई म्हणाला, जमीन सपाट करून पाहिजे, कापसाच्या गाठी रचायच्यात. मी म्हटलं, रांजण बाईचे आहेत, तिला ते काढून नेऊ द्या. मजुरांनी कुदळ घातली. इतकी वर्षं जमिनीत बसलेला रांजण वर येतो होय? पहिला गळ्याशी फुटला, दुसरा बुडाशी. आतली नीळ हिरवट पिवळी असते, वारा लागला की निळी होते. ती ओट्यावरून गल्लीत गेली आणि बघता बघता सगळी गल्ली निळी झाली. तिसऱ्याला तिनं हात लावू दिला नाही. "तसाच बुजवा," म्हणाली. त्यातली तांब्याभर नीळ विरजणासारखी तेवढी भरून घेतली आणि तांब्याच्या तोंडाला फडकं बांधलं.

गाडी चौसाळ्याकडे निघायची होती. मी चाकाशी उभा होतो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "प्लेगात एवढे दिस घर बंद, आन नीळ कशी जगली?"

"बंद कुठं व्हतं?" ती म्हणाली. "म्या तर दर दोन दिसाला आत येत व्हते. ढवळून जात व्हते."

मी गाडीचं चाक धरलं. बंदीच्या दिवसांत ती घरात ये-जा करत होती याचा अर्थ तिनं घर सोडलंच नव्हतं. ही एक गोष्ट जबाबात आली असती तर साहेबांना निकाल फिरवायला जागा झाली असती. मला वाटतं, त्यांनी तो फिरवलाच असता. मी विचारलं, "हे तवा कावून सांगितलं न्हाई?"

"चौकीवरचा जवान सोडायचा मला. बिचारा म्हणायचा, माय, कुनाला सांगू नको, माझी नौकरी जाईल. त्येनं येवढा उपकार केला, त्येचं नाव अदालतीत कसं घ्यावं?"

गाडी गेली. निकाल झाला होता, ताबा दिला होता, आणि अमीनानं ऐकलेल्या गोष्टीला किंमत नसते. तो निळा डाग गल्लीत बरेच दिवस होता. मी त्या गल्लीनं जायचं टाळत असे, वळसा घालून जाई. आमच्या कचेरीतले कारकून म्हणायचे, नाहीतरी जर्मनीतल्या कारखान्याचा पुडीतला रंग आलाच होता, रंगाऱ्यांचे रांजण आज ना उद्या बुडणारच होते. असेलही. पण आज ना उद्या सगळेच मरणार म्हणून कुणी कुणाला आजच माळावर नेऊन ठेवत नाही.

नारायणराव पुढे एकदा देवळात भेटले. मी न विचारता म्हणाले, "माती टाकताना माझ्या मनात काही नव्हतं हो. मेलेल्या माणसाचं घर, गळू नये एवढंच." माझा त्यांच्यावर विश्वास बसला. त्यानं काही बदललं नाही.

तर परवा तो कायदा ऐकला आणि मी पुतण्याला म्हटलं, मला चौसाळ्याला घेऊन चल. विठाबाई असेल की नाही हेही ठाऊक नव्हतं. होती. भावाच्या घरामागच्या खोलीत एकटी, पार वाकलेली, नजर मंद झालेली. हात पांढरे, सुरकुतलेले. तांब्यातली नीळ चौसाळ्याला धरली नाही, हे मला तिच्या भाच्यानं अंगणातच सांगितलं. पुढे तिनं जन्मभर लोकांचं दळण दळलं.

पुतण्यानं दारातून सांगितलं, "बीडचे अमीनसाहेब आलेत, मावशी." मी तिच्या जागी असतो तर कडी लावली असती. ती म्हणाली, "या. बसा." हातानं चाचपत पाट सरकवला आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. मी तांब्या तसाच खाली ठेवला.

मी कायद्याचं सांगितलं. कशासाठी सांगितलं, माहीत नाही. मला वाटलं तिला सांगितलं पाहिजे, बाकी कुणाला नाही सांगितलं तरी चालेल. मालकाला आता भाडेकरूला उगाच काढता येत नाही, हे ती ऐकत होती, पण मान हलवण्यापुरतंच. मग तिनं मधेच विचारलं, "आन माती कुनी टाकायची म्हंतो कायदा?"

"मालकानं."

"त्येच्या मनात आलं तर?"

"न्हाई. मनात असो नसो. टाकायलाच पायजे. त्येचं कामच हाय ते."

ती बोटांनी पाटाची कड चाचपत होती.

"म्हंजी उपकार म्हनायचं काम न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई, बाई."

"म्या तर लई उपकार म्हनले व्हते," विठाबाई म्हणाली, आणि माझ्याकडे बघत बसली.